कोरोनरची चौकशी आणि तिचे कुंपण

गावात कोणी विहिरीत पडून दगावले, की पोलीस पाटील वर्दी देतो. अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि पंचांदेखत प्रेताचा पंचनामा होतो. अशा वेळी मृताचे नातलग पुष्कळदा रागाने विचारतात, "अहो, सारं गाव ज्याचं नाव घेतंय, त्याचं नाव या कागदात का नाही?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे इंग्लंडात डोकावले पाहिजे, कारण मृत्यूच्या चौकशीचे हे कायदे इंग्रजांच्या अमदानीत आपल्याकडे आले.

इ. स. ११९४ मध्ये इंग्लंडात कोरोनर हा अधिकारी नेमला जाऊ लागला. राजाचे हक्क आणि राजाला मिळणारे उत्पन्न सांभाळणे, हे त्याचे मूळ काम. त्यातच संशयास्पद मृत्यूची चौकशी आली. तो आसपासच्या माणसांची ज्यूरी बोलावी, प्रेत पाही, साक्षी घेई. पुढे या चौकशीचे चार प्रश्न ठरून गेले: मेले कोण, कधी, कुठे आणि कसे? पण जुन्या काळी ज्यूरी याच्याही पुढे जाऊन मारेकऱ्याचे नाव सांगे, आणि त्यावरून त्या माणसावर खटला भरता येई.

यात एक मोठा धोका होता. कोरोनरपुढे साक्षीदार असतात, आरोपी नसतो. १९७४ साली लंडनमध्ये लॉर्ड लूकन यांच्या मुलांना सांभाळणाऱ्या बाईचा खून झाला आणि लूकन बेपत्ता झाले. १९७५ मध्ये कोरोनरच्या ज्यूरीने त्यांना नाव घेऊन खुनी ठरवले. खटला नाही, बचाव नाही! १९७७ च्या कायद्याने ज्यूरीचा हा अधिकार काढून घेतला. दोष ठरवावा तो फौजदारी कोर्टाने, असे कुंपण पडले.

कुंपण हवेच. पण कुंपणानेच शेत खाल्ले तर?

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्ड शहरातल्या हिल्सबरो मैदानावर फुटबॉलचा सामना होता. गर्दीत चेंगरून माणसे मेली. मृतांचा आकडा पुढे ९७ वर गेला. कोरोनरने ठरवले, की दुपारी सव्वातीननंतर काय घडले ते पाहायचे नाही. प्राणघातक इजा तोवर होऊन गेल्या होत्या, असे त्याचे म्हणणे. मग मदत वेळेवर आली का, हा प्रश्नच चौकशीबाहेर गेला. १९९१ मध्ये निकाल लागला: अपघाती मृत्यू. नातलगांनी हार मानली नाही. २०१२ साली एका स्वतंत्र समितीने दाखवून दिले, की ४१ जण कदाचित वाचू शकले असते. त्याच वर्षी हायकोर्टाने जुने निकाल रद्द केले. नव्या चौकशीत, २०१६ साली, ज्यूरीने सांगितले, की हे मृत्यू बेकायदा कृतीने झाले आणि प्रेक्षकांचा दोष नव्हता. तरीही पुढे पोलीस बंदोबस्ताच्या प्रमुखावर रीतसर खटला चालला, तेव्हा २०१९ मध्ये तो निर्दोष सुटला. मृत्यू कसा झाला हे ठरणे निराळे आणि अमुक माणूस गुन्हेगार ठरणे निराळे, ते हे असे.

मुंबई शहरात १८७१ च्या कायद्याखाली कोरोनर काम करी. १९९९ मध्ये ते पद बंद झाले. खेड्यापाड्यांत मात्र पूर्वीपासून पोलिसांचा पंचनामाच चालत आला आहे. १ जुलै २०२४ पासून तो नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होतो. त्याची मर्यादा आपल्या सुप्रीम कोर्टाने १९७५ मध्येच सांगून ठेवली आहे: मृत्यू संशयास्पद आहे काय आणि त्याचे वरकरणी कारण काय, एवढेच यात पाहायचे. कोणी मारले, याचा तपशील इथे अपेक्षित नाही.

तेव्हा पंचनाम्यात नाव नाही म्हणून प्रकरण बुडाले, असे समजू नये. नाव सांगायचे ते फिर्यादीत, जबाबात. पंचांनी मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. अंगावरची प्रत्येक जखम, प्रत्येक वळ, दोरीची खूण कागदावर उतरली का? उतरली असेल तरच सही करावी. कुंपण आहे ते दोष ठरवण्यापुरते. त्याच्या आत जे दिसते ते पाहायचे टाळले, तर मेलेल्या माणसाची बाजू मांडायला मागे काहीच उरत नाही.