साठ फुटांचा मैल

प्रमाण शिकवताना आपण बहुधा नकाशा वापरतो. एकदा नकाशाऐवजी आगगाडी घेऊन बघा. अमेरिकेत मॉडेल रेल्वेसाठी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं प्रमाण ‘एचओ’ या नावाने ओळखलं जातं. त्यात खऱ्या एका फुटासाठी ३.५ मिलिमीटर धरतात. म्हणजे प्रत्येक वस्तू सुमारे ८७ पट लहान होते. चाळीस फुटी मालडबा साडेपाच इंचांचा होतो आणि हातात सहज मावतो. इथपर्यंत सगळं छान आहे. आता एक मैल रूळ टाकायचं ठरवा. ५२८० ला ८७ ने भागलं की उत्तर येतं साठ फूट आणि वर काही इंच. शाळेतले दोन वर्ग मधली भिंत पाडून जोडले तरी आपला मैल बहुधा त्यात बसणार नाही. आणि अमेरिकेतली मालगाडी स्वतःच मैलभर लांब असू शकते!

वळणांची स्थिती आणखी वाईट. खऱ्या रेल्वेत ५७४ फूट त्रिज्येचं वळण मुख्य मार्गासाठी बरंच तीव्र मानतात. ८७ ने भागल्यावर त्याची त्रिज्या होते साडेसहा फुटांहून थोडी जास्त. गाडी अर्धवर्तुळात वळवून मागे आणायची तर तेरा फूट रुंद टेबल हवं. घरी मांडणी करणाऱ्याकडे बहुतेक वेळा असतो आठ बाय चारचा प्लायवुडचा एक तुकडा. त्यावर बसतं १८ इंच त्रिज्येचं वळण, म्हणजे खऱ्या जगातलं १३० फुटांचं. चाळीस डब्यांची गाडी अशा वळणावर नेण्याचा विचार कोणताही रेल्वे इंजिनियर करणार नाही.

तरीही ही माणसं आपल्या मांडणीला ‘वास्तवदर्शी’ म्हणतात. कोणत्या अर्थाने? या प्रश्नाच्या उत्तराला गेल्या नव्वद वर्षांचा इतिहास आहे. छंदाचा इतिहास म्हणून तो गमतीचा आहेच. पण मला त्यात रस वाटतो तो वेगळ्या कारणाने. प्रयोगशाळेत आम्ही जी प्रारूपं बनवतो, त्यांच्याबद्दलही रोज हाच प्रश्न पडतो: काय ठेवायचं आणि काय सोडायचं?

सुरुवात खेळण्यापासून झाली. लायोनेल ही न्यूयॉर्कची कंपनी १९०० साली सुरू झाली आणि विजेवर चालणारी पत्र्याची आगगाडी नाताळच्या झाडाभोवती गोल गोल फिरू लागली. तिच्या रुळांत एक गंमत होती. खऱ्या मार्गाला दोन रूळ असतात, हिला मध्ये तिसराही होता. दोनच रुळांतून वीज पुरवली, तर फासासारखं वळण घेऊन गाडी उलट दिशेने मूळ मार्गावर आली की डावा रूळ उजव्याला मिळतो आणि शॉर्टसर्किट होतं. (कागदावर दोन रेषा काढून मुलांना हे शोधू द्या.) मधल्या रुळातून वीज आणली आणि बाहेरचे दोन्ही रूळ परतीसाठी ठेवले की प्रश्नच मिटतो. युक्ती उत्तम होती, पण तीन रुळांची रेल्वे लोकांनी कुठे पाहिली होती?

१९३०च्या दशकात काही मोठी माणसं या खेळण्याकडे गंभीरपणे बघू लागली. १९३४ साली मिलवॉकीत ‘मॉडेल रेलरोडर’ हे मासिक निघालं आणि १९३५ साली त्याच गावात राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिचं पहिलं मोठं काम म्हणजे मोजमापांची शिस्त. एका कारखान्याची चाकं दुसऱ्याच्या सांध्यांवरून जायला हवीत, एवढी साधी ती गरज होती. पण अचूकतेच्या या भक्तांच्या पदरातही एक मोठी चूक आधीपासून होती. अमेरिकेतलं ‘ओ’ प्रमाण १:४८ चं आहे आणि त्याच्या रुळांमधलं अंतर सव्वा इंच. सव्वा गुणिले ४८ म्हणजे ६० इंच, बरोबर पाच फूट. खरं अंतर आहे ४ फूट साडेआठ इंच. खेळण्यांचे रूळ आधीच बाजारात असल्यामुळे साडेतीन इंचांची ही चूक तशीच राहिली, आणि बहुसंख्य लोक ती आजही सुखाने वागवतात.

वजनातही तीच तडजोड. लांबी ८७ पट कमी झाली की घनफळ सुमारे ६ लाख ६० हजार पट कमी होतं. वीस टनी रिकामा डबा मग अवघा ३० ग्रॅमचा व्हायला हवा. असा पिसासारखा डबा वळणावर हमखास रुळावरून उतरतो. म्हणून संघटनेची शिफारस आहे की डब्याचं वजन एक औंस आणि वर दर इंच लांबीला अर्धा औंस असावं. आपल्या साडेपाच इंची डब्याला ते १०६ ग्रॅम येतं, रिकाम्या डब्याच्या साडेतीन पट. आकार ८७ पट कमी केला तरी गुरुत्वाकर्षण आणि घर्षण आपल्या नेहमीच्या नियमांनीच चालतात. ते काही खेळात सामील होत नाहीत.

म्हणजे सगळंच तंतोतंत लहान करणं अशक्य होतं. पहिला मोठा विचार इथून सुरू झाला. न्यू ऑर्लिन्सचा फ्रँक एलिसन हा मूळचा रंगभूमीवरचा माणूस. १९४४ साली त्याने ‘मॉडेल रेलरोडर’मध्ये एक लेखमाला लिहिली. त्याचं म्हणणं असं की मांडणी हा रंगमंच आहे, गाड्या ही पात्रं आहेत आणि वेळापत्रक ही संहिता. हे ऐकायला अलंकारिक वाटतं, पण त्याचा परिणाम फार व्यावहारिक झाला. नाटकात आपण राजवाडा पूर्ण बांधत नाही. दोन खांब आणि एक पडदा पुरतो. मात्र पात्राला रंगमंचावर येण्याचं कारण लागतंच. गोल फिरणाऱ्या गाडीला तसं कारण नव्हतं. ती कुठून निघाली आणि कशासाठी चालली आहे?

हे कारण अमेरिकी रेल्वेने फार चांगलं पुरवलं. तिथे रेल्वे सरकारी नव्हती, शेकडो कंपन्या होत्या. एका कंपनीचा डबा दुसरीच्या, तिसरीच्या मार्गावरून देशभर फिरायचा आणि वापरणारी कंपनी मालकाला त्याचं रोजचं भाडं द्यायची. प्रत्येक डब्याबरोबर एक कागद असायचा: माल कोणता, कुठून आला, कुणाकडे जायचा. रोज सकाळी एक छोटी मालगाडी निघून गावोगावच्या कारखान्यांसमोर एकेक डबा सोडायची आणि एकेक उचलायची. आपल्याकडेही असं शंटिंग चालत असे. पण १९८०च्या दशकापासून भारतीय रेल्वे सुटे डबे टाळून पूर्ण रेकचीच वाहतूक करू लागली, त्यामुळे आजच्या मुलांनी ते पाहिलेलं नसतं. १९६१ साली डग स्मिथ नावाच्या हौशी माणसाने हा कागदांचा कारभार पत्त्यांएवढ्या कार्डांवर आणला. प्रत्येक डब्याला एक कार्ड, त्यावर त्याचं पुढचं ठिकाण. खेळण्यातला डबा आता कुठेतरी ‘जाऊ’ लागला.

याच काळात जागेचाही विचार शास्त्रशुद्ध होत होता. जॉन आर्मस्ट्राँग हा नौदलाच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेतला इंजिनियर. त्याचं मांडणीच्या नियोजनावरचं पुस्तक १९६३ साली आलं. चित्र काढण्याआधी जागा चौकोनांत मोजा, असं त्याने सांगितलं. चौकोनाची बाजू म्हणजे सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या अधिक दोन समांतर रुळांमधल्या अंतराची दुप्पट. १८ इंच त्रिज्या आणि दोन इंच अंतर घेतलं तर बाजू २२ इंच होते आणि आठ बाय चारच्या फळीवर असे दोन गुणिले चार चौकोन बसतात. अर्धवर्तुळाला रुंदीत दोन चौकोन लागतात, म्हणजे गाडी कशीबशी वळते. खऱ्या वळणाची त्रिज्या घेतली तर एकही चौकोन बसत नाही. पेन्सिल हातात घेण्याआधीच कळतं की स्वप्न कुठे संपतं.

आता थोडा वेगळा हिशेब करू. आठ बाय चारच्या टेबलाभोवती फिरायला चहूबाजूंनी दोन फूट जागा सोडली तर खोलीतले ९६ चौरस फूट अडतात. वळणच नको म्हटलं तर? भिंतीलगत एक फूट रुंद, बारा फूट लांब फळी. ती स्वतः फक्त १२ चौरस फूट घेते आणि तिच्यावरचे रूळ टेबलापेक्षा जास्त सलग सरळ असतात. गाडी गोल फिरणार नाही, हे एकदा मान्य केलं की जागेचा प्रश्न बराचसा सुटतो. राहतो तो प्रश्न करमणुकीचा: बारा फुटांत माणूस तासभर करणार काय?

याचं सगळ्यात गाजलेलं उत्तर ज्याने दिलं त्याची स्वतःची मांडणी मात्र अवाढव्य होती. जॉन अ‍ॅलन हा कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावचा छायाचित्रकार. त्याच्या रेल्वेचं नाव ‘गोरी अँड डिफीटेड’. म्हणजे रक्तबंबाळ आणि पराभूत! (लिहिताना तो स्पेलिंग मुद्दाम वेगळं करायचा.) तळघरात जमिनीपासून छतापर्यंत डोंगर, खोली मोठी भासावी म्हणून बसवलेले आरसे, आणि शंटिंगसाठी इंजिनाच्या जागी एमा नावाचा एक डायनोसॉर. त्याची अगदी पहिली मांडणी जेमतेम साडेतीन फूट रुंद आणि पावणेसात फूट लांब होती, तीही त्याने पुढे या मोठ्या मांडणीत सामावून घेतली होती.

१९७२ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने ‘टाइमसेव्हर’ हे कोडं प्रसिद्ध केलं. एक फळी, पाच सांधे, एक इंजिन, मोजके डबे. ठरलेला डबा ठरलेल्या जागी न्यायचा, घड्याळ लावून. अडचण अशी की काही सायडिंगांची तोंडं एका दिशेला आणि काहींची दुसऱ्या. डबा ढकलायचा असतो तेव्हा इंजिन नेमकं त्याच्या पुढे असतं. मग मधल्या दुहेरी मार्गावर डबा सोडून, वळसा घालून मागे यायचं. पाहुणे तासन् तास यात अडकत. दोन महिन्यांनी, ६ जानेवारी १९७३ रोजी अ‍ॅलन हृदयविकाराने गेला आणि त्यानंतर दहा दिवसांनी आगीत ती अवाढव्य मांडणी नष्ट झाली. लिन वेस्टकॉट या संपादकाने त्याच्या कामावर लिहिलेलं पुस्तक आणि छायाचित्रं मागे राहिली. आणि ती फळी! ती कोणीही घरी बनवू शकतो.

इंग्लंडच्या अ‍ॅलन राइट याचं कोडं याहून साधं आहे आणि वर्गासाठी मला तेच जास्त आवडतं. दोन सांधे, तीन सायडिंग. एकात पाच डबे मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन. इंजिनाबरोबर एका वेळी तीनच डबे बाहेर येऊ शकतात. आठ डब्यांच्या चिठ्ठ्यांतून पाच उचला आणि त्याच क्रमाने गाडी जोडा. अशा गाड्या किती? ८×७×६×५×४, म्हणजे ६७२०. रोज एक गाडी जोडली तरी अठरा वर्षं पुरेल. आठ काडेपेट्या आणि खडूने आखलेल्या तीन रेघा एवढ्या साहित्यात हे होतं.

प्रत्येक सायडिंग म्हणजे संगणकशास्त्रातला ‘स्टॅक’: शेवटी आत गेलेला डबा आधी बाहेर येतो. डोनाल्ड नूथ यांनी १९६८ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात स्टॅक समजावताना रेल्वेच्या डब्यांचंच उदाहरण घेतलं आहे. एकच सायडिंग असेल, १, २, ३ या क्रमाने डबे येत असतील आणि बाहेर पडलेला डबा परत आणता येत नसेल, तर सहापैकी पाचच क्रम मिळतात. ३-१-२ मिळत नाही. का मिळत नाही ते मुलांना सांगू नका, काडेपेट्या द्या.

पण हे वास्तवदर्शी आहे का? इथे या लोकांमध्ये खरा वाद आहे. गेल्या वीसेक वर्षांत लान्स मिंडहाइमसारखे लोक म्हणू लागले की टाइमसेव्हर हे कोडं आहे, रेल्वे नव्हे. मिंडहाइमने मायामीच्या औद्योगिक भागातला एक साधा फाटा जसाच्या तसा मांडला. खरी रेल्वे सांधे मुद्दाम अवघड करून ठेवत नाही. सांधा महाग असतो आणि वेळ त्याहून महाग. खऱ्या फाट्यावर दोन-तीन सांधे आणि चार डबे असतात. माणसं घाई न करता काम करतात आणि दिवस संपतो. माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू आपापल्या प्रश्नापुरत्या बरोबर आहेत. अ‍ॅलनने डब्यांची क्रमवारी ठेवली आणि वेळ सोडला. मिंडहाइमने वेळ ठेवला आणि कोडं सोडलं.

संशोधनासाठी मी अमेरिकेत होतो तेव्हा शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांनी मला त्यांच्या तळघरात नेलं होतं. एक अरुंद फळी, तीन सांधे, एका गोदामाची भिंत. त्यांनी इंजिन हळूच मागे घेतलं, दोन डब्यांना जोडलं आणि थांबले. मिनिट गेलं, दुसरं गेलं. काहीच हलेना. मी विचारलं, “वीज गेली का?” त्यांनी घड्याळावरची नजर न काढता बोटानेच मला थांबायला सांगितलं आणि म्हणाले, “ब्रेकच्या नळीत हवा भरतोय.”