पिपेनची सही

अमेरिकेतील धंदेवाईक बास्केटबॉलचा इतिहास मी वाचायला घेतला तो खेळाच्या गोडीने. अडकून पडलो मात्र त्याच्या जमाखर्चात. १९४६ साली तिथली लीग सुरू झाली तेव्हा एका संघाने खेळाडूंच्या पगारावर वर्षाला ५५,००० डॉलरांहून अधिक खर्चू नयेत, असा दंडक होता. तो एका हंगामातच गेला. पुढे १९८०च्या सुमारास काही संघांचे दिवाळे निघायची वेळ आली, तेव्हा १९८३ साली मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात तडजोड झाली : उत्पन्नाचे ५३ टक्के खेळाडूंना, आणि त्या बदल्यात प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला मर्यादा. १९८४-८५ साली ही मर्यादा ३६ लाख डॉलर होती.

श्रीमंत शहरांनी सगळे मोहरे विकत घेऊ नयेत, हा हेतू उघडच होता. पण या वाड्याला एक मागले दारही ठेवले होते. आपलाच जुना खेळाडू राखायचा असेल तर संघाने मर्यादा ओलांडली तरी चालेल! बोस्टनच्या लॅरी बर्डचे नाव या सवलतीला कायमचे चिकटले. बाहेरचा गडी आणायचा तर मात्र मर्यादेत जागा हवी. तेव्हा कुणाला, केव्हा आणि किती वर्षांसाठी बांधून ठेवले, यातच संघ उभारणाऱ्याची सारी मेख आली.

शिकागो बुल्सचा स्कॉटी पिपेन हा असा बांधला गेलेला माणूस. आर्कान्सासमधील हॅम्बर्ग गावचा, बारा भावंडांत धाकटा. वडील आणि एक भाऊ चाकांच्या खुर्चीला खिळलेले. धडधाकट शरीर कसे निकामी होते हे ज्याने घरातच दोनदा पाहिले, त्याने १९९१ साली पाच वर्षांच्या १ कोटी ८० लाखांवर सही करावी यात नवल ते काय? करार फार लांब मुदतीचा आहे, असे आपण त्याला बजावले होते, असे मालक जेरी राइन्सडॉर्फ यांनी पुढे सांगितले. बजावले असेलही, पण सही त्यांनी करून घेतलीच ना!

लीगचे उत्पन्न वाढले, तशी मर्यादाही वाढली. १९९७-९८ साली ती २ कोटी ६९ लाखांवर होती, आणि एकट्या मायकेल जॉर्डनला त्या वर्षी ३ कोटी ३१ लाख मिळाले. मागल्या दाराचा महिमा! पिपेनला मात्र सुमारे २८ लाख. हार्पर, कुकोच, रॉडमन, लाँगली हेही त्याच्यापुढे. जॉर्डनच्या खालोखालचा हा खेळाडू आपल्याच संघात पगाराने सहावा. व्यवस्थापक जेरी क्राउसे यांचे कसब मी नाकारीत नाही. १९८७ साली पिपेनला हेरून आणले ते त्यांनीच. पण त्या संघाची कीर्ती सांगताना ती कोणाच्या स्वस्ताईवर उभी होती, हेही सांगायला हवे.

त्या वर्षी पिपेनने पायाची शस्त्रक्रिया मुद्दाम लांबणीवर टाकली आणि पहिले ३५ सामने तो खेळलाच नाही. आपली बदली करा, असेही तो उघड म्हणाला. मग परतला, आणि जून १९९८ मध्ये बुल्सनी सहावे अजिंक्यपद पटकावले.

जानेवारी १९९९ मध्ये तो ह्यूस्टनला गेला : पाच वर्षे, सुमारे ६ कोटी ७० लाख. जॉर्डन निवृत्त झाला, रॉडमनही गेला. शिकागोच्या पगारपटावरचा भार एकदम हलका झाला. मालक-खेळाडूंच्या तंट्याने त्या हंगामात प्रत्येक संघाच्या वाट्याला ५०च सामने आले होते. त्यांतले १३ बुल्सनी जिंकले.