वेळापूरचा रामजी आणि मातीतून मॅटवर आलेला खो-खो

कानात हेडफोन नीट बसवा, आज जरा पळायचंय.

19 जानेवारी 2025. दिल्लीचं इंदिरा गांधी स्टेडियम. पहिल्या खो-खो विश्वचषकाची पुरुषांची फायनल, भारत विरुद्ध नेपाळ. भारताचं आक्रमण सुरू होतं आणि सुरुवातीलाच एक सडपातळ पोरगा हवेत झेपावून आडवा होतो, हात लांब करतो आणि नेपाळचा गडी टिपतो. याला आता सगळे 'स्काय डाइव्ह' म्हणतात. आपल्याकडचे जुने मास्तर आकाशीय सूर म्हणायचे. त्या पाळीत भारताचे 26 आणि नेपाळचा भोपळा. शेवटी स्कोअर 54-36.

तो पोरगा म्हणजे रामजी कश्यप. गाव वेळापूर, तालुका माळशिरस, जिल्हा सोलापूर.

वारीला गेलेल्यांना वेळापूर माहीत असणारच. माऊलींची पालखी माळशिरसहून पुढे निघाली की वेळापूरला मुक्काम असतो. आणि गाव जवळ आलं की वारकरी काय करतात? धावा! उतारावरून टाळ-मृदंग घेऊन सगळे पळत सुटतात. तुकोबांना इथून विठ्ठलाच्या मंदिराचा कळस दिसला आणि ते पळत सुटले, अशी परंपरा सांगतात. आता पळण्याची परंपरा असलेल्या गावात खो-खो रुजला, यात संबंध आहे असं मी म्हणणार नाही. पण ऐकायला छान वाटतं, म्हणून सांगितलं. संबंध आहे तो दुसराच. गावातलं यादवकाळचं अर्धनारीनटेश्वराचं देऊळ, आणि त्याच देवाच्या नावाचं क्रीडा मंडळ. राज्य स्पर्धांच्या बातम्या वाचणाऱ्याला 'अर्धनारी नटेश्वर, वेळापूर' हे नाव ओळखीचं असतं. मुलांचे संघ आणि मुलींचेही.

आता थोडं मागे जाऊ. खो-खो हा 'गल्लीतला खेळ' असं आपण म्हणतो, पण त्याला नियम लागले ते पुण्यात. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात डेक्कन जिमखान्याने नियम बांधले, पुढे बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने त्यात भर घातली. मैदान, खांब, मध्यपट्टी, नऊ मिनिटांची पाळी, आठ जण उकिडवे बसलेले आणि नववा पाठलागावर. पाठलाग करणाऱ्याने मध्यपट्टी ओलांडायची नाही, एकदा घेतलेली दिशा बदलायची नाही. पळणाऱ्याला मात्र सगळी मोकळीक. या एका अन्यायावर सगळा खेळ उभा आहे, आणि मला तो त्यामुळेच आवडतो. म्हणून तर 'खो' द्यावा लागतो. स्वतः पोचत नसाल तर दुसऱ्याला उठवा.

1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी गेलं आणि तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. खो-खोवाले हे आजही अभिमानाने सांगतात. त्याच वर्षी फेब्रुवारीत जर्मनीतच, हिवाळी ऑलिंपिकमध्ये, नॉर्वेची सोन्या हेनी बर्फावर आपलं तिसरं सुवर्णपदक घेत होती. 1924 मध्ये अकरा वर्षांची असताना ती शेवटची आली होती. आणि मग 1927 पासून सलग दहा जागतिक विजेतेपदं. पण तेव्हाचे नियम असे, की पैसे घेतले तर तुम्ही 'हौशी' राहत नाही आणि ऑलिंपिकचं दार बंद. तिने 1936 मध्ये स्पर्धा सोडल्या, बर्फावरचे शो केले, हॉलिवूडचे सिनेमे केले, भरपूर कमावलं.

सोन्याची गोष्ट मध्येच का काढली? कारण आपल्या खो-खोपटूंना नेमकी उलटी अडचण होती. पैसे घेऊ नका असं कुणी म्हणत नव्हतं, द्यायलाच कुणी नव्हतं. पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1959-60 मध्ये विजयवाड्याला झाली. तिथून पुढची साठ वर्षं उत्तम खो-खोपटूचं करिअर म्हणजे काय? शाळा, मंडळ, जिल्हा, राज्य, मग नशीब असेल तर रेल्वेत किंवा विमानतळ प्राधिकरणात नोकरी. नाहीतर सरकारी भरतीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण आणि प्रमाणपत्रांची फाईल. गुडघे गेले की संपलं. गावागावांत असे 'एकेकाळचे' गडी भेटतील, पानाच्या टपरीवर.

2022 मध्ये अल्टिमेट खो-खो लीग आली आणि चित्र हललं. नऊऐवजी सातची टीम, सात मिनिटांची पाळी, मातीऐवजी मॅट, आणि 'वजीर', ज्याला दिशेचं बंधन नाही. रामजी चेन्नई क्विक गन्सकडून खेळला. मॅटवर सूर मारला की छाती सोलवटत नाही, म्हणून पोरं बेधडक उड्या मारतात. टीव्हीला ते हवंच आहे. जुने लोक कुरकुरतात, की मातीतली ती एकेरी साखळी, दोन-दोन मिनिटं थंड डोक्याने खांबाभोवती हुलकावण्या देणं कमी झालं. माझं म्हणाल तर त्यांचं निम्मं बरोबर आहे. पण रामजीला पळती करताना बघा. तो संरक्षणात मातीवालाच वाटतो. उड्या नंतर शिकलाय.

लीगच्या दुसऱ्या हंगामात, जानेवारी 2024 मध्ये कटकला, चेन्नईची टीम फायनलला पोचली आणि गुजरात जायंट्सकडून 31-26 ने हरली. पाच गुण म्हणजे दोन-तीन गडी. वर्षभराने दिल्लीत त्याची भरपाई झाली.

विश्वचषकाचे दोन्ही कर्णधार मराठी, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. महिलांनीही नेपाळला 78-40 असं हरवलं. मग राज्य सरकारने महाराष्ट्रातल्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी आणि नोकरी जाहीर केली. तिकडे कर्नाटकने आपल्या दोन खेळाडूंना पाच लाख देऊ केले, तर त्यांनी महाराष्ट्राकडे बोट दाखवून ते नाकारले. तेच जेतेपद, तीच टीम, फक्त राज्य वेगळं.

आणि हो, ज्या पोराने तालुका, जिल्हा, राज्य सगळं खेळलं पण त्या पंधरात नाव नव्हतं, त्याच्या हातात आजही तीच प्रमाणपत्रांची फाईल आहे. तुमच्या गावात असा कुणी असेल तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्यांनाच बोलवू.