जवळा बाजार : गाव न सोडता चार राज्यं

आजच्या भागात किल्ला नाही, राजवाडा नाही, लढाई पण नाही. आज एक गाव. हिंगोली जिल्हा, औंढा नागनाथ तालुका, गाव जवळा बाजार.

इंग्लंडमधल्या एखाद्या छोट्या खेड्याचा इतिहास शोधला, तर बऱ्याचदा 1086 सालची नोंद सापडते. राजाने तेव्हा गावोगावी जमीन, नांगर, बैल मोजून घेतले होते. आपल्या गावाचं काय? मी म्हणतो, पहिला कागद म्हणजे गावाचं नाव. जवळा नावाची गावं मराठवाड्यात बरीच. आपल्याच जिल्ह्यात कळमनुरीकडे जवळा पांचाळ आहे. मग ओळखायचं कसं? या जवळ्याची ओळख बाजार. आजही इथे स्वतंत्र कृषी उत्पन्न बाजार समिती आहे.

आता जरा हिशेब करू. समजा, गावात 1933 साली जन्मलेली एक आजी आहे. ती जन्मली तेव्हा गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात. 15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला, पण गाव नाही. त्यासाठी 17 सप्टेंबर 1948 उजाडावा लागला. मग भारतातलं हैदराबाद राज्य. 1 नोव्हेंबर 1956 ला द्विभाषिक मुंबई राज्य. 1 मे 1960 ला महाराष्ट्र. आणि 1 मे 1999 ला परभणी तुटून हिंगोली जिल्हा झाला. आजी गावातच. सरकारंच येत-जात राहिली!

बाजारात याचा अर्थ काय होता? निजामाचं नाणं वेगळं, हाली सिक्का. इंग्रजांचा रुपया तो कलदार. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. म्हणजे सीमेपलीकडचा व्यवहार असेल तर शेर-मणाच्या मापासोबत नाण्याचाही हिशेब डोक्यात ठेवायचा. आज त्याच भागातला पोरगा मोबाईलवर वसमत-हिंगोलीचा हळदीचा भाव बघून ठरवतो, माल आज काढायचा की थांबायचं. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. साधन बदललं, प्रश्न तोच : भाव कोण ठरवणार?

आता मुद्द्याचं. निजामकाळातले आपले कागद उर्दूत, मोडीत. ते वाचणारे मोजकेच. 2023 मध्ये शासनाने कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, आणि मराठवाड्यात गावोगावी ट्रंका उघडल्या. ज्या कागदाला कोणी विचारत नव्हतं, त्यावर पोरांचे दाखले अवलंबून आले. त्या वादात आज मी शिरत नाही. पण एक दिसलं का? इतिहास म्हणजे पुस्तकातलंच असं नाही. तो घरातल्या पत्र्याच्या पेटीत असतो, आणि त्याला वाळवी लागते.

कागद निदान वाट तरी बघतो. माणूस नाही बघत. 1948 मध्ये पंधरा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीपार आहे.

म्हणून एक काम सांगतो. घरात 1954-55 चं खासरा पत्रक, आडतीची जुनी पट्टी, दुकानाची वही असेल तर स्वच्छ उजेडात फोटो काढा. आजी-आजोबांसमोर फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि एवढंच विचारा : हाली रुपयात काय काय यायचं? रझाकाराच्या वेळी घरातले कुठं गेले होते? मध्ये बोलू नका. ऐकत राहा.

जवळा बाजारचा ग्रंथ कोणी लिहील तेव्हा लिहील. त्याची पहिली पानं तुमच्या फोनमध्ये असू द्या. भेटू पुढच्या भागात.