मार्कंड्याचे दगड कोणाचे?

आलापल्लीहून आष्टी, आष्टीहून चामोर्शीकडे, आणि तिथून वैनगंगेच्या काठावर मार्कंडादेव. महाशिवरात्रीला इथे विदर्भातून आणि तेलंगणातून लाखोंचा लोंढा येतो. त्यात आपलेही काही लोक असतात आणि मग आपल्याच गटांत वाद पेटतो: त्रिसरण घेतलेल्या माणसाने देवळात जायचेच कशाला? माझे उत्तर सरळ आहे. हात जोडायला जाऊ नका, डोळे उघडे ठेवून जा. ज्या बाबासाहेबांनी १९३० साली काळारामाच्या दारात सत्याग्रह उभा केला, त्यांनीच पुढे बावीस प्रतिज्ञा दिल्या. पण इतिहास वाचू नका, असे त्यांनी कुठेही सांगितलेले नाही.

तर आधी तिथली कथा. मृकंडू ऋषीला मूल नव्हते. शंकराने विचारले, दीर्घायुषी मठ्ठ मुलगा हवा की सोळा वर्षांचा गुणी? त्याने गुणी मागितला. सोळावे वर्ष भरले, यम आला, मार्कंडेयाने पिंडीला मिठी मारली आणि शंकराने यमाला परतवले. वैनगंगा इथे वळण घेऊन उत्तरेकडे वाहते, म्हणून जागा पवित्र, आणि हे सगळे इथेच घडले असे पुजारी सांगतो. गंमत अशी की तामिळनाडूत तिरुक्कडैयूरला हीच घटना त्यांच्या गावात घडल्याचे सांगतात. एकाच मुलाला एकच यम दोन ठिकाणी न्यायला आला! पुराण गावोगाव फिरते आणि जिथे उतरते तिथला मूळ इतिहास झाकून टाकते.

मरणाला हरवणाऱ्या या कथेसमोर किसा गौतमीची गोष्ट ठेवून बघा. मेलेले मूल कडेवर घेऊन आलेल्या आईला बुद्धाने चमत्कार दाखवला नाही. ज्या घरात कोणी मेले नाही, तिथून मोहरी आण म्हणाले. बाकी ती स्वतः शिकली.

दुसरी कथा जास्त घातक आहे, कारण ती इतिहासाच्या वेशात येते. चुना न वापरता दगडावर दगड बसवलेले देऊळ दिसले की "हेमाडपंताने एका रात्रीत बांधले" असे महाराष्ट्रात सर्रास सांगतात. मार्कंड्यालाही तेच. आता तारखा लावा. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव आणि रामदेवराव यादवांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. मार्कंड्याचे मुख्य मंदिर अभ्यासक साधारण दहाव्या-अकराव्या शतकातले मानतात. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३ ते १८७५ मधल्या मध्य प्रांतांच्या दौऱ्यात इथे येऊन गेला, त्यानेही काळ तोच धरला. मग हेमाडपंत जन्माच्या दोनशे वर्षे आधी येऊन बांधून गेला काय?

आणि हा हेमाद्री कोण? 'चतुर्वर्गचिंतामणी'चा कर्ता. व्रते, दाने, श्राद्धे, तीर्थे यांचा अवाढव्य संग्रह त्याच्या नावावर आहे. भटजीला कोणत्या तिथीला काय द्यायचे, हे लिहिणाऱ्या माणसाच्या नावावर दगड फोडणाऱ्यांचे काम चढवले गेले. "एका रात्रीत" हे दोन शब्द नीट ऐका. त्यांत खाणीतून दगड काढणारा, तो वाहून आणणारा, छिन्नी चालवणारा आणि त्यांच्या भाकरी थापणाऱ्या बाया, सगळे एका फटक्यात गायब होतात. भिंतीवरची एकेक मूर्ती पाहा, ती पिढ्यानपिढ्यांच्या हाताचे काम आहे. वीज पडून शिखर महामंडपावर कोसळले आणि पुढे एका गोंड राजाने डागडुजी केली, असे सांगतात. त्या राजाचे नाव आरतीत नाही. अहेरी भागातल्या मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके १८५८ साली चांद्याला फासावर गेले, त्यांचे नाव तरी यात्रेतल्या किती जणांना माहीत असते?

आता आपल्या पोरांशी बोलायचे आहे. दरवर्षी शिवरात्रीला "मार्कंडा हे मूळ बुद्धविहारच" अशा पोस्ट फिरतात. मित्रांनो, पुरावा काय? समोर दिसतात त्या शैव मूर्ती आहेत. केवळ संतापावर इतिहास उभा राहत नाही. बाबासाहेबांनी १९५४ साली देहूरोडला पंढरपूरबद्दल असे मत मांडले, तेव्हा ते प्रबंध लिहून सिद्ध करू असेही म्हणाले होते. घोषणा त्यांनाही पुरेशी वाटली नव्हती.

आणि पुरावा नसलेल्या जागेवर भांडायची आपल्याला गरजच काय? याच वैनगंगेवर वरच्या अंगाला पवनी आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने तिथे उत्खनन केले. टेकडीचे नाव जगन्नाथाचे, पोटात निघाला स्तूप! तिथल्या दगडांवर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत आणि एका स्तंभावर मुचलिंद नाग आहे. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेब ज्या नाग लोकांबद्दल बोलले, त्यांची आठवण इथे होणारच. चंद्रपूरजवळ भद्रावतीला विजासन टेकडीत बुद्धमूर्ती असलेली लेणी आजही उभी आहेत. आणि दुसऱ्याच दिवशी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली.

मार्कंड्याला जाल तेव्हा पोरांना घेऊन पवनीलाही जा. एका ठिकाणी बांधणाऱ्याच्या जागी ऋषी आणि मंत्री आहेत, दुसऱ्या ठिकाणी देणाऱ्याचे नाव दगडावर आहे. ब्राह्मी लिपीची मुळाक्षरे आठवडाभरात येतात. बुद्धविहारातल्या रविवारच्या वर्गात ती शिकवायला सुरुवात करा.