तांब्याच्या नळीतले चमचाभर पाणी

संगणक शिकणारे विद्यार्थी शिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारतात. लॅपटॉप जुना झाला, नवे ग्राफिक्स कार्ड बसवले तर तो नव्यासारखा चालेल का? टेबलावरच्या संगणकाच्या बाबतीत उत्तर सोपे असते. खोके उघडायचे, वीजपुरवठा पुरेसा आहे ना ते पाहायचे आणि कार्ड बदलायचे. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र उत्तर बहुधा 'नाही' असेच येते. त्यातली ग्राफिक्स चिप मुख्य बोर्डावर कायमची सोल्डर केलेली असते, असे कारण सांगितले जाते. ते खरे आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे कारण उष्णतेच्या इतिहासात दडलेले आहे.

संगणकात शिरलेली वीज शेवटी जवळजवळ सगळीच उष्णता होऊन बाहेर पडते. १९४६ साली अमेरिकेत जगापुढे आलेल्या एनिॲक या संगणकात सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते आणि तो दीडशे किलोवॉट वीज घेई. त्याच्यावर सतत वारा सोडण्यासाठी मोठे पंखे लावावे लागले. १९७६ च्या क्रे-१ या महासंगणकाला वारा पुरेना. तेव्हाच्या फ्रिजमध्ये असे तसा फ्रिऑन वायू त्याच्या अंगातून खेळवावा लागला.

आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली परम ८००० तयार केला. तेव्हा एकच अतिवेगवान प्रोसेसर घेण्याऐवजी अनेक लहान प्रोसेसर एकत्र जोडून काम वाटून देण्याचा मार्ग निवडला गेला. परदेशी महासंगणक मिळण्यातल्या अडचणी हे त्यामागचे कारण होते. पुढे उष्णतेने साऱ्या जगालाच काहीशा याच वाटेवर आणले. २००४ साली इंटेल कंपनीने आपला पुढचा अधिक वेगवान प्रोसेसर सोडून दिला आणि एकाच चिपवर दोन गाभे बसवण्याकडे मोर्चा वळवला. वेग वाढवत नेला, तर निघणारी उष्णता आवरेनाशी झाली होती. आजची ग्राफिक्स चिप म्हणजे याच विचाराचे टोक. तिच्यात हजारो लहान गणनाघटक एकाच वेळी राबतात. म्हणून ती चित्रे झपाट्याने काढते, आणि म्हणूनच तापतेही.

आता लॅपटॉपकडे वळू. त्याची जाडी दोन-अडीच सेंटिमीटर. एवढ्याशा जागेत मोठा पंखा मावत नाही. मग चिपची उष्णता कडेच्या जाळीपर्यंत पोचवायची कशी? नुसत्या तांब्याच्या पट्टीने हे काम पुरेसे होत नाही. इथे मदतीला येते उष्णतानलिका.

ही दोन्ही टोके बंद असलेली चपटी तांब्याची नळी. आतली हवा काढून टाकलेली असते आणि चमचाभरही नसेल एवढे पाणी भरलेले असते. हवाच नसल्यामुळे आत दाब फार कमी असतो, त्यामुळे हे पाणी शंभर अंशांच्या कितीतरी खालीच उकळते. चिपजवळ त्याची वाफ होते. ती नळीच्या थंड टोकाकडे धावते, तिथे तिचे पुन्हा पाणी होते आणि घेतलेली उष्णता पंखाजवळच्या पातळ पत्र्यांना दिली जाते. नळीच्या आतल्या बाजूला तांब्याचा सच्छिद्र थर असतो. दिव्याच्या वातीत तेल चढते, तसे त्या थरातून पाणी चिपकडे परत येते. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला एक कॅलरी लागते, पण त्याची वाफ करायला पाचशेहून अधिक. सारी किमया या आकड्यांत आहे.

ही कल्पना लॅपटॉपसाठी जन्मली नव्हती. जनरल मोटर्स कंपनीतील गॉगलर यांना १९४४ साली अशा नळीचे पेटंट मिळाले. त्यांच्या डोळ्यांसमोर शीतयंत्रे होती. पण ती कल्पना कागदावरच राहिली. १९६३ साली लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे शोधली आणि 'हीट पाइप' हे नाव दिले. त्यांना अंतराळयानांतील वीजनिर्मितीसाठी ती हवी होती. १९६७ साली अशी नळी प्रथम अवकाशात गेली. वातीच्या ओढीने पाणी परत येत असल्याने गुरुत्वाकर्षण नसतानाही ती चालते. हाच गुण लॅपटॉपच्या उपयोगी पडला, कारण तो आडवा, तिरका, कसाही धरला जातो.

पाण्याकरवी उष्णता बाहेर नेण्याचा एक जुना नमुना छत्रपती संभाजीनगरातच, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, पाहायला मिळतो. तिथल्या पाणचक्कीसाठी डोंगराकडच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणले होते. त्यावर दळणाचे जाते फिरे. पाणी साठवण्याच्या हौदाखाली एक प्रशस्त दालन आहे. हौदाचा तळ हेच त्याचे छप्पर, त्यामुळे ते उन्हाळ्यात थंड राही. दालनाची उष्णता छपरातून पाण्यात जाई, आणि वाहते पाणी व पृष्ठभागावरील बाष्पीभवन ती पुढे नेई. नियम तोच, उष्णतेला बाहेर जायला वाट हवी.

ही वाट किती रुंद आहे, हे साध्या गणिताने कळते. समजा, एका लॅपटॉपची चिप ६० वॉट वीज घेताना खोलीच्या हवेपेक्षा ५० अंशांनी अधिक तापते. जानेवारीत खोली २४ अंशांवर असेल, तर चिप ७४ अंशांवर राहील. याच शहरातल्या मे महिन्याच्या दुपारी खोली ४२ अंशांवर गेली, की चिप ९२ वर. चिपच्या प्रकारानुसार साधारण ८५ ते १०० अंशांच्या दरम्यान ती स्वतःच आपला वेग कमी करते. म्हणजे जानेवारीत धावणारा लॅपटॉप मेमध्ये रेंगाळला, तर तो बिघडलाच असे नाही. आता याच लॅपटॉपमध्ये १२० वॉटची चिप बसवली असे धरू. नळ्या त्याच, पंखा तोच. फरक ५० ऐवजी १०० अंश होईल. मेमध्ये हिशेब १४२ वर जातो! तिथे पोचण्याच्या कितीतरी आधी चिप वेग कमी करील, आणि नव्या कार्डाचे पैसे वाया जातील.

म्हणूनच २०२२ साली आलेले आरटीएक्स ४०९० हे टेबलावरचे कार्ड ४५० वॉट घेते आणि त्यात १६,३८४ गणनाघटक आहेत. २०२३ साली त्याच नावाने लॅपटॉपमध्ये आलेल्या चिपमध्ये मात्र ९,७२८ घटक आणि मर्यादा दीडशे ते पावणेदोनशे वॉट. नाव तेच, वस्तू वेगळी.

बदलता येणारी कार्डे झालीच नाहीत असे नाही. २००४ साली एनव्हिडियाने लॅपटॉपसाठी एमएक्सएम ही जोडणी आणली. पण नवे कार्ड खाचेत बसले, तरी जुन्या नळ्या आणि पट्ट्या त्याच्या चिपवर नीट टेकतीलच असे नसे. २०२४ साली ग्राहकांच्या हाती आलेल्या फ्रेमवर्क लॅपटॉप १६ मध्ये कार्ड बदलता येते, पण ते स्वतःचे पंखे बरोबर घेऊन येते. कार्ड बदलायचे, तर उष्णतेची वाटही बदलावी लागते, हाच त्याचा अर्थ.

तेव्हा विद्यार्थ्याला काय सांगावे? जुना लॅपटॉप टाकण्यापूर्वी त्याची जाळी आणि पंखा यांतली धूळ काढून घ्या. चिप आणि तांब्याची पट्टी यांमधला वाळलेला लेप जाणकाराकडून बदलून घ्या. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, मागची बाजू थोडी उचला. एवढ्याने अनेकदा हरवलेला वेग परत मिळतो.

आणि वर्गात एक प्रयोग करा. सुई नसलेल्या सिरिंजमध्ये सुमारे साठ अंशांचे थोडे पाणी घ्या. आतली हवा बाहेर काढा, तोंड बोटाने घट्ट दाबा आणि दट्ट्या जोराने मागे ओढा. पाणी उकळू लागलेले दिसेल. लॅपटॉपच्या नळीतही हेच घडत असते, फक्त तिथे ते आपल्याला दिसत नाही.