अमेरिकी दूरचित्रवाणीवरील कुटुंब

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरोघरी टीव्ही आला आणि पडद्यावर एक ठरावीक कुटुंब दिसू लागले : नोकरी करणारे वडील, घर सांभाळणारी आई, उपनगरातला बंगला. ‘फादर नोज बेस्ट’ (१९५४–६०) आणि ‘लीव्ह इट टू बीव्हर’ (१९५७–६३) या मालिकांनी हा साचा पक्का केला. दुसरीतील जून क्लीव्हर गळ्यात मोत्यांची माळ घालून घरकाम करते. मुलांच्या चुकांचा निवाडा बहुधा वडील करतात. युद्धकाळात कारखान्यांत राबलेल्या स्त्रिया आणि कृष्णवर्णीय कुटुंबे या चित्रात जवळपास नव्हतीच.

‘आय लव्ह लूसी’ (१९५१–५७) यांहून गुंतागुंतीची, म्हणूनच मोलाची. लूसीला नवरा रिकी याच्यासारखे रंगमंचावर झळकायचे असते, रिकीला ती घरात हवी असते. तिची बहुतेक बंडे फसतात. तरी प्रेक्षक आठवड्यामागून आठवडे पाहत राहिले ते तिचे बंडच. अभिनेत्री लूसिल बॉल १९५२ मध्ये खरोखर गरोदर होत्या आणि ते कथेत आले, मात्र जोडप्याला एकेरी पलंगच होते. पडद्याबाहेर बॉल यांनी १९६२ मध्ये घटस्फोटित पती देसी आर्नाझ यांचा हिस्सा विकत घेऊन देसिलू या निर्मितीसंस्थेची सूत्रे हाती घेतली.

पुढे ‘द मेरी टायलर मूर शो’ने (१९७०–७७) वृत्तकक्षात काम करणारी अविवाहित नायिका आणली. १९९२ मध्ये ‘मर्फी ब्राउन’ची नायिका लग्नाविना आई झाली, तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल यांनी भाषणात तिच्यावर टीका केली : वडिलांचे महत्त्व ती कमी लेखते, असा त्यांचा आक्षेप होता.